या अनाथांना सांभाळणार कोण ?

आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या घरीं आतां एखादा मुलगा, पुतण्या, भाची किंवा सून संगणकाच्या धंद्यांत आहे. ही मंडळी दिवसभर काय करतात हें घरांतील वडील माणसांस नीटसें ठाऊक नसतें. पगार वेळेवर येतो आणि मुलें रात्रीं उशिरापर्यंत यंत्रासमोर बसलेलीं दिसतात, एवढ्यावर समाधान मानावयाचें अशीच सर्वत्र वहिवाट आहे. परंतु त्या रात्रींच्या बैठकीचा कांहीं भाग पगाराचा नसतो. एखादा तरुण त्या वेळीं असें काम करीत असतो, कीं ज्याबद्दल त्यास एक पैहि मिळत नाहीं आणि ज्यावांचून बँका, रेल्वे, इस्पितळें व आपल्या हातांतील फोन यांचें एक दिवसहि नीट चालणार नाहीं. त्या कामाविषयीं, व विशेषतः तें पुढें चालविणारीं माणसें मिळत नाहींत म्हणून जी अडचण उभी राहिली आहे तिजविषयीं, चार शब्द लिहावे असें पुष्कळ दिवस आमच्या मनांत होतें.

‘लायब्ररी’ हा शब्द वाचून पुस्तकांचीं कपाटें डोळ्यांपुढें उभीं राहतील. पण या धंद्यांत त्याचा अर्थ निराळा आहे. कोणतीहि सुगरण रोजच्या आमटीसाठीं रोज मसाला भाजून कुटीत बसत नाहीं. एकदां करून ठेवलेला गोडा मसाला बरणींतून काढते व पुढच्या कामास लागते. तद्वत् प्रोग्राम लिहिणारा मनुष्य दर वेळीं सगळें मुळापासून लिहीत नाहीं. तारखांचा हिशेब करणें, फाइल दाबून लहान करणें, दुसऱ्या संगणकाशीं गुप्तपणें बोलणें, असलीं हरघडीचीं कामें करणारे तुकडे कोणी तरी पूर्वींच लिहून ठेवलेले असतात. ते घेऊन तो आपल्या रचनेंत बसवितो. अशा तुकड्यांच्या संचास लायब्ररी म्हणतात. यांतील पुष्कळशा ‘मुक्तस्रोत’ असतात, म्हणजे नुसता मसालाच नव्हे, तर त्याची कृतीहि सर्वांस खुली असते. कोणीहि ती घ्यावी, वाचावी, बदलावी, दुसऱ्यास द्यावी. मोल नाहीं, मात्र हिच्या वापरानें कांहीं नुकसान झाल्यास कर्ता जबाबदार नाहीं, एवढें परवान्यांत बहुधा स्पष्ट लिहिलेलें असतें.

उदाहरण आपल्या लिपीचेंच घेऊं. फोनवर ‘विठ्ठल’ हा शब्द आपण लिहितों, तेव्हां यंत्राजवळ तो उच्चाराच्या क्रमानें सांठविलेला असतो : आधीं व, मग ऱ्हस्व इकार, मग ठ, त्याचा पाय मोडणारें चिन्ह, पुन्हां ठ, शेवटीं ल. परंतु लिहितांना इकार व-च्या डावीकडे जावा लागतो आणि दोन ठ एकमेकांस जोडावे लागतात. ही बसवाबसव अँड्रॉइड फोनांत, क्रोम व फायरफॉक्स यांत आणि लिब्रेऑफिसमध्यें ‘हार्फबझ’ नांवाची एक मुक्तस्रोत लायब्ररी करते. तिचे प्रमुख कर्ते बेहदाद एस्फाबोद हे मूळचे इराणचे, पुढें कॅनडांत स्थायिक झालेले. नांव फारशी आहे. ‘चकार हरफ काढला नाहीं’ असें आपण म्हणतों, त्यांतलाच हा ‘हर्फ’. तसाच ‘लोहित’ हा देवनागरी टंक. लाल टोपीचें चिन्ह मिरविणाऱ्या रेड हॅट कंपनीच्या पुण्याच्या कचेरींतील मंडळींनीं तो पुष्कळ वर्षें सांभाळला. लोहित म्हणजे तांबडा. नांव ठेवणाऱ्याच्या संस्कृताचें आम्हांस कौतुक वाटलें.

आतां कोणी म्हणेल, एकदां लिहून झालें, मग सांभाळावयाचें काय राहिलें ? पाणपोई घालणाऱ्यास हाच प्रश्न विचारून पाहावा. रांजण एकदां मांडला म्हणजे काम संपत नाहीं. तो रोज भरावा लागतो, घासावा लागतो, फुटका पेला बदलावा लागतो, आणि पाणी कोमट आहे म्हणून कुरकुर करणाऱ्या वाटसरूचें ऐकून घ्यावें लागतें. लायब्ररीचेंहि तसेंच आहे. भोंवतालचीं यंत्रें बदलतात, नवे दोष उघडकीस येतात, वापरणाऱ्यांचीं पत्रें येतात, कोणी सुधारणा पाठवितो ती वाचून पारखावी लागते. हें सर्व करणाऱ्यास तिकडे ‘मेंटेनर’ म्हणतात. आम्ही त्यास पालक म्हणूं. बहुतेक पालक नोकरी सांभाळून, रात्रीं व रविवारीं हें काम करतात.

स्वीडनचे डॅनियल स्टेनबर्ग यांची ‘कर्ल’ ही लायब्ररी घ्या. महाजालावरून फाइल आणण्याचें काम ती करते. 1996 सालीं ब्राझीलच्या एका गृहस्थानें केलेल्या लहानशा प्रोग्रामांत स्टेनबर्ग सुधारणा पाठवूं लागले. थोड्याच अवधींत त्याचें पालकत्व त्यांच्याकडे आलें. 1998 मध्यें त्याला आजचें नांव मिळालें. आज ती अब्जावधि यंत्रांत आहे. परंतु याच कामावर पूर्ण वेळ पोट भरण्याची सोय होण्यास त्यांना 2019 साल उजाडावें लागलें. 2022 च्या जानेवारींत एका बड्या अमेरिकन कंपनीनें, आपण त्यांस कधीं छदामहि दिलेला नसतां, सुरक्षिततेच्या एका प्रकरणासंबंधीं चोवीस तासांच्या आंत उत्तरें द्यावीं असें पत्र त्यांना धाडलें. प्रकरण कर्लचें नव्हतेंच. स्टेनबर्ग यांनीं शांतपणें कळविलें कीं, आधीं साह्याचा करार करा, मग उत्तरें देतों. पाणपोईवर पाणी पिऊन वर पावती मागण्याचाच हा प्रकार झाला.

पैशाची ही ओढगस्त जगाच्या ध्यानांत प्रथम आली ती 2014 च्या एप्रिलांत. ‘ओपनएसएसएल’ ही लायब्ररी म्हणजे महाजालावरील बोलण्याचें कुलूप; बँकेचा परवलीचा शब्द वाटेंत कोणीं वाचूं नये याची व्यवस्था ती करते. तींत ‘हार्टब्लीड’ नांवाचा दोष सांपडला. 2012 च्या मार्चांत निघालेल्या आवृत्तींत तो शिरला होता व दोन वर्षें कोणाच्याहि नजरेस आला नव्हता. लाखों संकेतस्थळें त्यांत सांपडलीं. चौकशी करतां असें दिसलें, कीं जगाच्या या कुलपाची राखण करणाऱ्यांत पूर्ण वेळ काम करणारा मनुष्य एक, आणि त्यांना वर्षाकांठीं मिळणारी देणगी सुमारें 2,000 डॉलर ! मग मात्र मोठमोठ्या कंपन्यांनीं निधि उभारला व आणखी माणसें नेमलीं.

परंतु पैसा देऊनहि जें मिळत नाहीं तें म्हणजे पुढचा माणूस. मूळ पालकाचें लग्न होतें, मुलें होतात, नोकरी बदलते, प्रकृति बिघडते, किंवा सरळ कंटाळा येतो. यांत गैर कांहींच नाहीं. अमेरिकन लेखक एरिक रेमंड यांनीं 1997 सालच्या एका सुप्रसिद्ध निबंधांत म्हटलें आहे, कीं एखाद्या प्रोग्रामांतील आपला रस संपला, तर तो लायक वारसाच्या हातीं देणें हें कर्त्याचें अखेरचें कर्तव्य होय. त्यांना स्वतःलाहि टपाल आणणारा एक प्रोग्राम असाच दुसऱ्याकडून मिळाला होता. प्रश्न एवढाच, कीं लायक वारस ओळखावा कसा ?

‘डेबियन’ नांवाची एक व्यवस्था आहे. लिनक्सची ही मांडणी 1993 पासून जगभरचे स्वयंसेवक चालवितात. त्यांच्या दप्तरांतील शब्द वाचून आमच्यासारख्या धर्मशास्त्र चाळलेल्या माणसास गंमत वाटली. ज्या संचाचा पालक निघून गेला त्यास ते ‘अनाथ’ म्हणतात. पालकास सोडावयाचें आहे पण अजून सोडलेलें नाहीं, तर तो ‘दत्तक घ्यावें’ अशी विनंति नोंदवितो. नुसता भार हलका करावयाचा असेल तर ‘साह्य हवें’ अशी. घेऊं इच्छिणारा ‘दत्तक घेण्याचा मानस आहे’ असें जाहीर करतो. ही यादी सदैव खुली असते, आणि तोंवर अनाथांकडे पाहण्यास एक सामाईक मंडळी नेमलेली असते. पर्ल भाषेच्या भांडारांत तर ‘मला दत्तक घ्या’ अशा अर्थाचा एक कल्पित सभासदच आहे. सोडून दिलेल्या लायब्रऱ्या त्याच्या नांवें लावून ठेवतात. आपल्या दत्तविधानांत देणारा व घेणारा दोघेहि समक्ष लागतात, दान व प्रतिग्रह झाल्यावांचून दत्तक सिद्ध होत नाहीं. येथें अडचण अशी, कीं पुष्कळदां देणारा कोठें आहे याचाच पत्ता नसतो. आणि कधीं कधीं, त्याहून वाईट, घेणारा कोण आहे याचा नसतो.

या दुसऱ्या अडचणीचीं दोन उदाहरणें सांगण्यासारखीं आहेत. पहिलें 2018 सालचें. न्यूझीलंडचे डॉमिनिक टार यांनीं ‘इव्हेंट-स्ट्रीम’ नांवाची लायब्ररी फार पूर्वीं लिहिली होती. स्वतः ते ती वापरीतहि नव्हते, जग मात्र वापरीत होतें. एका अनोळखी माणसानें पत्र लिहून ती सांभाळूं का म्हणून विचारलें. यांनीं देऊन टाकली. नव्या पालकानें तींत आंकडी जोडणारा तुकडा दडविला. हेतु हा, कीं एका विशिष्ट प्रोग्रामांत ठेवलेलें लोकांचें बिटकॉइनचें धन लंपास करावें. टार यांस पुष्कळांनीं दोष दिला. आमच्या मतें तो अन्याय आहे. वर्षानुवर्षें फुकट पाणी पाजणाऱ्यानें थकून रांजण दुसऱ्याच्या हातीं दिला, तर ‘आधीं चौकशी कां केली नाहीं’ म्हणून विचारण्याचा अधिकार पाणी पिणाऱ्यांपैकीं कोणास होता ?

दुसरें उदाहरण ‘एक्सझेड’चें. तें सावकाशीनें सांगण्यासारखें आहे, कारण त्यांत दुष्टाव्याइतकाच धीर दिसतो. फाइली दाबून लहान करणारी ही लायब्ररी जवळजवळ प्रत्येक लिनक्स यंत्रांत असते. फिनलंडचे लासे कोलिन हे तिचे एकटे पालक. 2021 च्या अखेरीस ‘जिया तान’ असें नांव लावणाऱ्या कोणा व्यक्तीनें सुधारणा पाठविण्यास आरंभ केला. काम स्वच्छ, बोलणें नम्र, तक्रार नाहीं. 2022 सालीं मात्र निराळ्याच नांवांचीं पत्रें येऊं लागलीं. त्यांतील एक नांव आपल्याकडील वाटावें असें होतें. सूर एकच : काम फार मंद चाललें आहे, पालकास उत्साह उरलेला नाहीं, नवा पालक नेमा. कोलिन यांनीं उत्तर दिलें त्याचा आशय असा, कीं रस गेलेला नाहीं, परंतु दीर्घकाळ मनाच्या दुखण्यानें शक्ति मर्यादित झाली आहे, आणि हा बिनपैशाचा छंद आहे हेंहि लक्षांत ठेवावें. तें उत्तर वाचून आम्हांस फार वाईट वाटलें. घरांतल्या आजारी माणसाच्या उशाशीं बसून ‘तुमच्यानें आतां होत नाहीं, किल्ल्या द्या’ असें म्हणणारे भाऊबंद वाचकांनीं पाहिले असतील.

शेवटीं किल्ल्या गेल्या. जिया तान सहपालक झाला, आवृत्त्या काढूं लागला. पत्रें लिहिणारीं तीं नांवें त्यानंतर पुन्हां कोठें दिसलीं नाहींत. 2024 च्या फेब्रुवारी-मार्चांत निघालेल्या दोन आवृत्त्यांत त्यानें चोरदरवाजा बसविला, तोहि उघड कोडांत नव्हे, तर तपासणीसाठीं म्हणून ठेवलेल्या फाइलींच्या पोटांत. तो दरवाजा पुढें सर्वत्र पोंचला असता, तर दूरच्या यंत्रांत शिरण्याचें जें मुख्य द्वार, त्याची गुप्त किल्ली एका अज्ञाताच्या हातीं गेली असती.

पोंचला नाहीं, याचें कारण अर्धा सेकंद. मायक्रोसॉफ्टमधील अभियंते आंद्रेस फ्रॉइंड हे डेबियनच्या एका चाचणी-आवृत्तीवर निराळींच मोजमापें घेत होते. यंत्रांत प्रवेश करण्यास पूर्वीं सेकंदाचे सुमारें तीन दशांश लागत, तेथें आतां आठ दशांश लागतात असें त्यांना दिसलें. दुसरा कोणी असता तर तेवढ्या निमिषाकडे पाहताना. यांनीं मात्र धागा ओढीत ओढीत मूळ गांठलें व 29 मार्च 2024 रोजीं तें जाहीर केलें. नेहमींच्या वापरांतील आवृत्त्यांत चोरदरवाजा अद्याप शिरला नव्हता. कोलिन परत आले, मे महिन्यांत त्यांनीं शुद्ध आवृत्ति काढली. जिया तान हा एक मनुष्य होता कीं टोळी, हें आजतागायत उघड झालेलें नाहीं.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील, कीं अनोळखी माणसास दारांत उभेंच करूं नये. तें शक्य नाहीं. स्टेनबर्ग हेहि एके काळीं अनोळखीच होते. परंतु सोयरीक जुळवितांना चार ठिकाणीं चौकशी करणाऱ्या आपल्यासारख्यांस एवढें कळावयास हरकत नाहीं, कीं उतावळेपणानें मागितलेल्या किल्ल्या उतावळेपणानें देऊं नयेत. आणि एकट्या थकलेल्या माणसापाशींच सगळ्या किल्ल्या असूं देणें हीच मुळांत चूक. जाणकार मंडळी हल्लीं असें करतात, कीं जो स्वतः ती लायब्ररी रोज वापरतो, ज्यानें दोष दाखवितांना तो कसा उद्भवतो हेंहि नीट लिहिलें, त्यालाच पालक आपण होऊन लहानसें काम देतो : आलेल्या तक्रारी चाळून एकसारख्या एकत्र कर, माहितीपत्रकांतील जुनी वाक्यें दुरुस्त कर, अमुक सुधारणा वाचून मत दे. वर्षभरानें अधिकार, तोहि एकाला नव्हे, दोघां-तिघांना. शाळेंत वर्गनायक निवडण्याची आमची रीत याहून फारशी निराळी नव्हती.

येथें आपल्या मुलांविषयीं थोडें कटु लिहिणें भाग आहे. 2020 च्या ऑक्टोबरांत एका अमेरिकन कंपनीच्या उपक्रमांत, मुक्तस्रोत कामांत चार सुधारणा पाठविणाऱ्यांपैकीं ठराविक संख्येस अंगरखा बक्षीस होता. हेतु चांगला, फळ असें, कीं ‘अप्रतिम प्रकल्प’ एवढेच शब्द माहितीपत्रकांत घुसडून पाठविणाऱ्यांचा पूर लोटला आणि पालकांच्या रात्री तो केर काढण्यांत गेल्या. त्या पुरांत आपल्या देशांतील विद्यार्थी थोडे नव्हते. तीनच दिवसांत नियम बदलावा लागला. 2024 च्या आरंभीं ‘एक्सप्रेस’ या लायब्ररीच्या पालकांवर, केवळ आपलें नांव फाइलींत टाकावें अशा विनंत्यांचा तसाच पाऊस पडला. मूळ होतें आपल्याकडील एका शिकवणीच्या चित्रफितींत. नोकरीच्या अर्जावर एक ओळ वाढावी म्हणून हें चालतें. परीक्षेपुरतें पाठांतर करणाऱ्या मुलांस आम्ही जन्मभर ओळखीत आलों. हीं त्यांचींच धाकटीं भावंडें. उलट मुंबईच्या आयआयटींतील ‘फॉसी’ प्रकल्पासारख्या ठिकाणीं मुक्त सॉफ्टवेअर शिकून खरें काम करणारीं मुलेंहि आहेत, आणि जगांतील पालकांना हवीं आहेत तीं हीं.

संस्था पाठीशीं असली म्हणजे वारसाचा प्रश्न किती सुटा होतो, याचें एक उदाहरण ज्योतिषाशीं संबंध असल्यामुळें वाचकांस रुचेल. जगांत कोणत्या गांवीं केव्हां कोणतें घड्याळ चाले, याची जंत्री आर्थर डेव्हिड ओल्सन यांनीं 1986 च्या सुमारास सुरू केली. आपल्या फोनांतील ‘एशिया/कोलकाता’ ही वेळ तींतलीच. 2011 च्या सप्टेंबरांत, जन्मपत्रिका मांडण्याचे प्रोग्राम विकणाऱ्या एका अमेरिकन कंपनीनें, आमच्या कोशांतील माहिती उचलली म्हणून ओल्सन व त्यांचे सहकारी पॉल एगर्ट यांजवर दावा लावला. दोन खाजगी गृहस्थ, आणि सर्व जगाचें घड्याळ कोर्टांत ! त्या ऑक्टोबरांत महाजालाचीं नांवें व क्रमांक सांभाळणाऱ्या संस्थेनें ती जंत्री आपल्या छत्राखालीं घेतली. पुढील फेब्रुवारींत दावा मागें घेतला गेला, आणि त्याच महिन्यांत, पालक बदलावयाचा झाल्यास तो कोणीं व कसा नेमावा याचा लेखी नियमहि झाला. भांडारकर संस्थेचें महाभारत सुखटणकरांच्या निधनानंतर 1943 मध्यें थांबलें नाहीं, बेलवलकरांनीं व पुढें प. ल. वैद्यांनीं तें 1966 सालीं तडीस नेलें, तें अशाच कारणानें.

अर्थात् प्रत्येकास वारस हवाच असें नाहीं. ग्रंथजुळणीचा ‘टेक्’ हा प्रोग्राम करणारे डोनाल्ड क्नूथ यांनीं त्याच्या आवृत्तीचा आंकडा दर वेळीं ‘पाय’ या गणिती संख्येच्या एक पाऊल जवळ नेला आहे. आपल्या मागें तो आंकडा पाय हाच ठरावा व त्यानंतर कोणीं एक अक्षरहि बदलूं नये, अशी त्यांची इच्छा आहे. पण असा पुरा झालेला ग्रंथ हजारांत एखादा.

पैशाचीं दारें हळूहळू उघडत आहेत. जर्मन सरकारनें 2022 सालीं या कामासाठीं निधि सुरू केला. आपल्याकडे बंगळूरच्या झेरोधा कंपनीनें 2024 च्या ऑक्टोबरांत वर्षास दहा लक्ष डॉलर वांटण्याचें जाहीर केलें. घरांत असें काम करणारा मुलगा किंवा सून असेल, तर तेवढी बातमी त्यांच्या कानीं घालावी. त्याहून अगत्याचें म्हणजे, ‘पगार नाहीं तर करतोस कशाला ?’ हा प्रश्न जेवणाच्या पाटावर विचारूं नये. आणि रविवारचे दोन तास त्यांना कोणी हांक मारणार नाहीं एवढी तजवीज करावी. सुनेच्या बाबतींत ही तजवीज सासूबाईंनींच करावी लागेल, हें उघड आहे.

ज्यांना प्रोग्रामांतील एक अक्षरहि कळत नाहीं अशा निवृत्त मंडळींसहि तेथें काम आहे. फायरफॉक्स, लिब्रेऑफिस यांचीं मराठी भाषांतरें स्वयंसेवकच करतात. पडद्यावरील एका शब्दाला ‘जतन करा’ म्हणावें कीं ‘सांठवा’, ‘वापरकर्ता’ बरा कीं दुसरा कांहीं, एकाच शब्दाचे दोन ठिकाणीं दोन अर्थ कां झाले, असले प्रश्न तेथें पदोपदीं पडतात. ते सोडविण्यास कोश चाळण्याची संवय असलेला, व्याकरण येणारा व चिकाटीचा मनुष्य लागतो. आणि वयाची अट नाहीं.